आधी दाणा, मग भांडण

अप्पा,

कालपर्यंत तुमची मंजुरी बाकी होती. मोबाइलवर आपलं ते ॲप उघडलं की सगळ्यात वर तेच दिसायचं. लातूरच्या मिलमधून नांदेडला निघायच्या डाळीच्या गाडीपुढे माझी हिरवी खूण, आणि शेजारी तुमच्या नावाखाली पिवळी पट्टी: प्रतीक्षेत. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात तुमचा मॅनेजर विनायक फोनवर चाचरत म्हणाला, "ताई, अप्पांचं नाव काढून टाकू का? दोन्ही मालकांची खूण झाल्याबिगर गाडी सुटत न्हाई." मी म्हटलं, गाडी कागदावर लिहून सोड, पण नावाला हात लावू नकोस. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, 'अक्का, माणूस गेला तरी तुझा हट्ट काय जाईना.'

लातूरला पोचले तेव्हा तुम्हाला बसवलं होतं. तुम्हा लिंगायतांत बसवूनच नेतात हे मला माहीत होतं, तरी दारातून आत पाय टाकला आणि धस्स झालं. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, मांडीवर बेलाची पानं, मान ताठ. अहमदपूरच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसायचात ना, तीच ढब. क्षणभर खरंच वाटलं की आता डोळे उघडून म्हणणार, 'लई उशीर केलीस. चहा थंड झाला की गं.' बायका रडत होत्या आणि मला आतून राग येत होता. आपलं भांडण अर्ध्यात सोडून असं जायचं असतं का?

अहमदपूरची रीत तुमची आणि माझ्या बाबांची. तुम्ही दोघांनी भागीदारी सुरू केली तेव्हा मी शाळेत होते. तुमची लातूरला डाळमिल, आमचं नांदेडला जुन्या मोंढ्याच्या धान्यबाजारात दुकान. तुम्ही तूर घेऊन डाळ करायची, आम्ही ती पिशव्यांत भरून पार तेलंगणापर्यंत विकायची. कागदावर काय लिहिलं होतं ते वकिलाला ठाऊक. खरा करार एवढाच होता की भांडण फोनवर करायचं नाही. भांडायचं असेल तर एकाने लातूरहून निघायचं, एकाने नांदेडहून, आणि मध्ये अहमदपूरला, गावाबाहेरच्या त्या पत्र्याच्या हॉटेलात भेटायचं. आणि बसल्यावर आधी दाणा. ज्या मालावरून वाद, त्याची चिमूट रुमालात बांधून आणायची. दोघांनी एकेक दाणा दाताखाली धरायचा आणि तो चावून होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. कोरडी डाळ कट् करून तुटते. ओलसर असली तर नुसती दबते. पण डाळ कशी आहे ते कळायच्या आधी माणसाचा राग जरा खाली बसतो, ही त्यातली खरी मेख. तुम्ही कधी ती फोड करून सांगितली नाहीत. 'तोंडात दाणा असला की शिवी भाईर येत न्हाई,' एवढंच म्हणायचात.

बाबा गेले तेव्हा तुम्ही घरी आलात. सगळे नातेवाईक मला काय काय सांगत होते. बाईमाणसाने मोंढ्यात बसायचं का, दुकान भाड्याने दे, नवऱ्याची मास्तरकी आहे ना. तुम्ही कोपऱ्यात बसून पाणी प्यालात, सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीत, आणि निघताना उंबऱ्यात थांबून विचारलंत, "अक्का, पुढची गाडी कधी भरू?" माझी आत्या नंतर कितीतरी दिवस तुम्हाला दगड म्हणायची. मी "उद्याच भरा" म्हटलं होतं. त्या दिवसापर्यंत मी तुमच्यासाठी दोस्ताची पोरगी होते. त्या प्रश्नाने मला भागीदार केलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर तुम्ही सुपारी कातरत विषय बदलला असतात, हे खरं, पण सांगायला हवं होतं.

आता कोणालाही वाटेल की म्हातारा जुन्या चालीचा आणि मी नवीन वाऱ्याची. होतं नेमकं उलटं! ॲपची टूम तुमची. तुमच्या गळ्यात एका दोरीत लिंग आणि दुसऱ्या दोरीत मोबाइलची पिशवी. सकाळी उठल्यावर आधी नमस्कार कोणाला करता, असं मी एकदा चेष्टेने विचारलं, तर म्हणालात, 'ज्याची बॅटरी कमी त्याला.' टाइप करायला बोटं जाड पडतात म्हणून तुम्ही मोबाइलवर ओरडून मजकूर सांगायचात, आणि तो काहीतरी भलतंच लिहायचा. मला मात्र पहिल्यापासून त्या गोष्टीचा संशय. तुम्ही म्हणायचात, दुधानं तोंड न पोळताच ताक फुंकूलालीस.

फायदा झाला नाही असं मी म्हणत नाही. गाडी कुठल्या वळणावर आहे ते बसल्या जागी दिसायला लागलं. काट्यावरचं वजन थेट दोघांच्या मोबाइलवर येऊ लागलं, आणि वजनावरून होणारी आपली निम्मी भांडणं आपोआप मेली. तुम्ही खूश. मीही खूश. पण भांडणं मेली तसं अहमदपूरही मेलं. सगळं दिसतंय तर भेटायचं कशाला, असं आपल्या दोघांनाही वाटलं. सगळी चूक तिथे झाली, आणि ती करताना आपल्याला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

जागा रिकामी राहत नाही. आपण उठलो, तिथे आपले मॅनेजर येऊन बसले. तुमचा विनायक चांगला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, कामाला वाघ. आधी कुठल्याशा कंपनीत होता, तिथे त्याला एकच धडा मिळाला होता: जे लिहून ठेवलं नाही ते आपल्या अंगावर येतं. म्हणून तो प्रत्येक गोष्ट ग्रुपवर टाकायचा आणि शेवटी लिहायचा, 'नोंद असावी म्हणून.' आमचे हमीदभाई बाबांच्या काळापासूनचे. सुरुवातीला मोबाइलला हात लावायचे नाहीत, मग त्यांनाही चेव चढला. तिकडून एक स्क्रीनशॉट आला की इकडून दोन. तिकडून नामंजुरीची लाल खूण आली की इकडून लाल खूण आणि वर फोटो. दोघं एकमेकांना जन्मात भेटले नव्हते. एकाच्या नावापुढे गुलाबाचं चित्र, दुसऱ्याच्या नावापुढे नातवाचं, आणि गुलाब आणि नातू दिवसभर भांडायचे.

तेवढ्यावर थांबतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण एक दिवस ॲपवर मला तुमच्या नावाने आलं, 'सदर मालाबाबत नांदेड शाखेने तात्काळ खुलासा करावा.' शाखा! बाबांच्या दुकानाला शाखा म्हणालात, अप्पा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर माझ्या नावाने तुम्हाला काय गेलं ते मला माहीत नव्हतं, पण तुमचं रोज सकाळचं कमळाचं चित्र बंद झालं. त्या चित्रांची मी किती टिंगल करायची! बंद झाली तेव्हा सकाळी मोबाइल बघायची भीती वाटायला लागली. मोंढ्यात कोणी सांगितलं, अप्पा उदगीरचं दुसरं गिऱ्हाईक बघताहेत. तुम्हाला कोणी सांगितलं, अक्का अकोल्याची डाळ आणणार आहे. माझा नवरा म्हणाला, मग वकिलाला भेटून घे एकदा. तो शब्द ऐकला मात्र, मी तुम्हाला फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "अप्पा, अहमदपूरला या." तुम्ही म्हणालात, "येतो. दाणा आण."

तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही थकलेले दिसत होता. मी लक्ष दिलं नाही, मला भांडायचं होतं. रुमाल सोडला, दाणा चावला. मग मी म्हटलं, "शाखा कोणाला म्हणालात?"

"कुठली शाखा?"

"तुमच्याच नावाने आलंय. खुलासा करावा म्हणे."

"अन् तू मला काय म्हणलीस? लातूरकडून वारंवार होणाऱ्या हलगर्जीबद्दल तीव्र नाराजी. म्हाताऱ्या माणसाला असं लिहितेत व्हय?"

"मी लिहिलं?"

दोन मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मग उलगडा झाला. बोटं चालत नाहीत म्हणून तुम्ही तुमचा ॲपचा पासवर्ड विनायकला देऊन ठेवला होता. लग्नसराईत मला वेळ नव्हता, म्हणून मी माझा हमीदभाईंना. महिनोन्महिने अप्पा म्हणून विनायक आणि अक्का म्हणून हमीदभाई एकमेकांशी लढत होते, आणि जखमा आपल्याला होत होत्या. मी म्हटलं, "आयुष्यात कधी 'सदर' म्हणालात का हो तुम्ही? मला कसं कळलं नाही!" तुम्ही म्हणालात, "अन् तू कधी नाराजीवर थांबलीस का? तू तर थेट घराणं काढतीस." आणि मग आपल्याला जे हसू फुटलं! तुमच्या नाकातून चहा आला. हॉटेलवाला पाण्याचा जग घेऊन धावत आला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला काही झालं.

हसून झाल्यावर पुन्हा भांडलो, आणि ते भांडण अजून बाकी आहे. मी म्हटलं, ॲप काढून टाका आणि विनायकला समज द्या. तुम्ही म्हणालात, "चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या पोराचं काय चुकलं? त्यो माझ्यासाठी लढला, हमीदभाई तुझ्यासाठी लढले. पण मालक कसे भांडतेत अन् कसे मिटवतेत, हे त्यांला कधी दिसलंच न्हाई. ह्या डबीत निस्ते शब्द दिसतेत. पुढच्या टायमाला दोघांना संगं आणू. त्यांच्या म्होरं भांडू."

"मॅनेजरसमोर? आपली इज्जत काय राहील?"

"इज्जत ग्रुपवर गेलीच की."

मला ते पटलं नाही. आजही अर्धंच पटतं, तुम्ही गेलात म्हणून मी पुरतं पटवून घेणार नाही. माणसं चांगली, वस्तू चांगली, मग बिघडलं कुठे, याचं उत्तर तुम्ही मॅनेजरांच्या रीतीत शोधत होता. मी म्हणते, वस्तूलाही स्वभाव असतो. दर गाडीला मंजूर की नामंजूर, मंजूर की नामंजूर असं विचारत राहिलं की ज्याच्या मनात नामंजूर नाही त्याच्या मनातही ते येऊन बसतं. यावर तुम्ही काहीतरी म्हणणार होता. तोंड उघडलंत, मग घड्याळाकडे बघितलंत आणि म्हणालात, "बाकीचं पुढच्या बारीला." रेणापूरच्या शेतावर गडी वाट बघत होता. जाताना काचेतून हात केलात. दुसऱ्या दिवशी सकाळी कमळ आलं.

पुढची बारी आलीच नाही. काय म्हणणार होता, अप्पा? मी रोज स्वतःच तुमचं उत्तर रचते आणि रोज मीच जिंकते. जिंकण्यात काही मजा राहिलेली नाही.

तुमचे दिवस झाल्यावर तुमच्या मुलाचा, महेशचा निरोप आला. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा हुद्दा, तिथल्यासारखाच नीटनेटका निरोप. भागीदारी चालू ठेवणे, मिल विकणे, किंवा हिस्से वेगळे करणे. 'सदर पर्यायांपैकी आपली पसंती कळवावी.' त्यातही सदर होतं, अप्पा. मला आधी हसू आलं, मग रडू आलं. त्याने वाईट काही लिहिलं नव्हतं. त्याने आपल्याला मोबाइलमध्येच पाहिलं होतं, ग्रुपवरची ती लढाई त्यानेही वाचली होती. त्याला वाटलं असेल, असे भांडणारे लोक एकत्र कशाला हवेत. मिल गेली तर तुम्ही आणि बाबांनी उभं केलेलं सगळंच गेलं, आणि ते माझ्या एका बोटावर येऊन ठेपलं होतं. मी कुठलाच पर्याय दाबला नाही. लिहिलं, 'अहमदपूरला ये. विनायकला आण, मी हमीदभाईंना आणते. ॲपवर जी गाडी अडली होती तिची डाळ मी आणते.' बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा. दुसऱ्या दिवशी अंगठा आला.

तुमची इच्छा होती म्हणून मॅनेजरांना बोलावलं. पटलं म्हणून नाही, एवढं लक्षात ठेवा.

काल गेलो. लोहा गाव येईपर्यंत हमीदभाई कपाळाला आठ्या घालून बसले होते, काय काय बोलायचं त्याची मनात उजळणी चालली होती. हॉटेलात विनायक उठून उभा राहिला तर त्याच्याकडे खालवर बघत म्हणाले, "इत्ताच हाय का तू? ग्रुपवर तर मला वाटलं, कोई कमिश्नर है." विनायकचे कान लाल झाले. "बसा चाचा," म्हणून त्याने स्वतःची खुर्ची सरकवून दिली. नातवाचं नाव विचारलं. महिनोन्महिन्यांची लढाई खुर्ची सरकवण्यात निम्मी विरली.

महेशने लॅपटॉप उघडला. "मी सगळे आकडे काढून आणलेत," तो स्वच्छ शहरी मराठीत म्हणाला. मी रुमाल सोडला. तो थांबला. चिमटीकडे बघत राहिला. लहानपणी तुम्ही त्याला एकदोनदा इथे आणलं होतं, ते त्याला आठवत असेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. त्याने लॅपटॉप मिटला आणि एक दाणा उचलला. मग चौघांनी दाणे तोंडात टाकले. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, आणि आम्ही चौघं गुमान चावत बसलो होतो. मला कट् ऐकू आलं नाही. माझा दाणा दबला. पण मी बोलले नाही. गाडी तुमच्या मिलची, बोलायचं ते महेशने. त्याने 'ओलाव्याचं मीटर बघा' म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

महेशने गिळलं, आणि अप्पा, त्याची ती शहरी मराठी कुठे गेली कोण जाणे.

"ओलसर हाय, अक्का," तो म्हणाला. "ही गाडी आम्ही भराया नको होती."

विनायकने मान खाली घातली. "मीच घाई केलो. अप्पा गेलेले, मला काय सुचंना." आणि आमचे हमीदभाई, जे वाटभर तुमच्या मिलचा उद्धार करायला टपले होते, ते खाकरून म्हणाले, "सारा कसूर तुझा न्हाई बेटा. आमच्याकडं बी ती रातभर उघड्यावर पडून होती. ताडपत्री टाकायची मला याद राहिली न्हाई." हे मलाही पहिल्यांदाच कळत होतं. ग्रुपवर हे वाक्य मला सात जन्मात मिळालं नसतं.

इथे तुम्ही जिंकलात. अर्धं का होईना, जिंकलात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी हॉटेलवाल्याला चहा फार गोड केलास म्हणून उगाच झापलं.

महेशने तुमचा मोबाइल खिशातून काढला. दोरी तशीच होती, मळकी पिशवी तशीच. त्याने ॲप उघडलं, ती पिवळी पट्टी शोधली, आणि माझ्यासमोर धरून तुमच्या नावापुढे स्वतः नामंजूर दाबलं. आपल्याच गाडीला. लाल खूण उमटली आणि कोणाला काही लागलं नाही. तुमचं नाव तसंच राहू द्यायचं ठरलं. खूण मात्र यापुढे महेश स्वतःच्या बोटाने करणार आणि मी माझ्या.

मग भांडलो. पोटभर भांडलो! तो म्हणतो ॲप ठेवायचं, मी म्हणते निदान ते मंजूर-नामंजूर काढ. तो म्हणतो मिल विकली तर सगळ्यांची सुटका, मी म्हणते कोणाला सुटायचंय रे? त्याचा आवाज चढला, तुमच्यासारखाच बारीक होत चढतो. तुमच्यासारखाच मध्येच थांबून तो चष्मा पुसतो. विनायक आणि हमीदभाई डोळे मोठे करून बघत होते. ऊन उतरेपर्यंत काहीच ठरलं नाही.

उठलो. मी गाडीत बसले, मनात म्हटलं, नाही जमलं अप्पा, मला नाही जमलं. तेवढ्यात महेश काचेपाशी आला. काच खाली केली. तो वाकला, चष्मा पुसत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "पुढची गाडी कधी भरू?"

हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या प्रश्नाने मला भागीदार केलं होतं, हे तर मी तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "उद्याच भर."